उत्तर तीरापुरता एक श्लोक

॥ श्री तापीमाता प्रसन्न ॥

मु. कळसाडी, ता. शहादा
चैत्र वद्य पंचमी

श्रीक्षेत्र प्रकाशे येथे तापीकाठी राहून उभ्या पंचक्रोशीच्या इहलोकाची नसली तरी परलोकाची व्यवस्था पाहणारे, आमचे वंदनीय शालक ह.भ.प. नवनीतभाऊ यांस चुनीलालचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू पिकला, की डॉक्टर अजून वाट पाहण्यास सांगत आहेत? सौ. सरलाबाईंचा दमा चैत्रात उतरतो असा पूर्वानुभव आहे. यंदाही तो उतरला असेल अशी आशा करतो. तुमचे गुडघे घाटाच्या पायऱ्या उतरू देतात, मात्र चढू देत नाहीत, असे मागे कोणीतरी सांगत होते. पौरोहित्याच्या दृष्टीने हे गैरसोयीचे असले, तरी वैराग्याच्या दृष्टीने उचितच म्हणावे लागेल. आम्ही सर्व येथे क्षेमकुशल आहोत, असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिले. वस्तुस्थिती खालीलप्रमाणे आहे.

माझ्या यकृताने कामकाज जवळजवळ थांबवले आहे. सुरतेच्या डॉक्टरांनी ही गोष्ट मला न सांगता दवाखान्याच्या जिन्यात चिरंजीव हेमकांतास सांगितली. हेमकांताने ती कोणालाही सांगितली नाही, त्यामुळे दिवेलागणीपर्यंत ती सगळ्या कळसाडीस ठाऊक झाली. मला कळली ती सूनबाई प्रतिभेमुळे. ज्या प्रतिभेने इतके दिवस माझ्या ताटातील मीठ-तेलावर सीमेवरच्या शिपायासारखा पहारा ठेवला, तिने त्या संध्याकाळी मी न मागता भरितावर कच्च्या तेलाची धार धरली आणि डोळ्यांना पदर लावून ती आत गेली. भरीत उत्तम झाले होते. इतक्या स्वादिष्ट रीतीने आपल्या मृत्यूची वार्ता क्वचितच कोणाला मिळाली असेल. (वांग्याचा विषय निघालाच आहे तर तुमचा तो सुप्रसिद्ध श्लोक आठवल्याशिवाय राहत नाही. परंतु त्याबद्दल यथावकाश.)

तेव्हापासून मला पाहण्यास येणाऱ्यांची रीघ लागली आहे. ऊस नोंदवून तोडीची वाट पाहणारा शेतकरी बांधावर उभा राहून ज्या नजरेने फड न्याहाळतो, त्या नजरेने हे लोक मला न्याहाळतात. वाढ पूर्ण झाली आहे, तुरे आले आहेत, आता टोळी केव्हा येते एवढाच प्रश्न उरला आहे. आमचे चुलतबंधू भिलाआप्पा रोज येतात, खाटेच्या पायथ्याशी बसतात, माझ्या पावलांचा थंडपणा हाताने तपासतात आणि "अजून शे गरम" असे काहीशा निराशेने सांगून चहा घेतात. मृत्यूचे भय मला वाटत नाही. (हे वाक्य मी दिवसातून अनेकदा मनाशी म्हणून पाहतो, सकाळी ते अधिक खरे वाटते.) आयुष्यभर ज्या विषयावर प्रवचने दिली, त्याची प्रत्यक्ष परीक्षा आली असता वर्गाबाहेर पळणे शिक्षकास शोभत नाही. परंतु या परीक्षेच्या व्यवस्थेवरून घरात जो कलह माजला आहे, त्याने मात्र मी हैराण झालो आहे, आणि म्हणून हे पत्र.

विषय माझ्या अंत्ययात्रेचा आहे. (दचकू नये, तुम्ही या क्षेत्रातील जाणकार आहात.) आपल्याकडे माझ्यासारख्या, पणतवाचे तोंड पाहिलेल्या म्हाताऱ्यास रडत नेत नाहीत, वाजवत नेतात, हे तुम्हास सांगावयास नको. गुलाल, फटाके, पुढे बँड. ही रूढी मला प्रथमपासून अमान्य आहे. देह पंचमहाभूतांच्या स्वाधीन करताना ट्रंपेटची आवश्यकता कोणत्याही ऋषीने प्रतिपादलेली नाही. माझी इच्छा साधी होती: चार माणसे, मुखी भगवंताचे नाव आणि तापीचा काठ. परंतु हेमकांताने मला न विचारता धुडकू बँडवाल्यास शब्द देऊन टाकला आणि तो धुडकू, शिष्टाचारास अनुसरून, प्रत्यक्ष मलाच भेटावयास आला. खाटेजवळ उकिडवा बसून त्याने माझी प्रकृती विचारली, मग विचारले की आखाजीच्या आधी का नंतर. कारण अक्षय्य तृतीयेच्या त्या मुहूर्तापासून लग्नांच्या तारखा भरलेल्या आहेत. मी म्हणालो, हे माझ्या हाती नाही. त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि मला धीर दिला, "आबा, तुम्ही काही काळजी करू नका. तुम्हनी बारीले असं वाजाडसूत का आख्खं गाव देखत ऱ्हाई." मी विचारले, वाजवणार काय? तो म्हणाला, दोन भजनं, आणि मग पोरांचा आग्रह झाला तर नाचाचं एखादं. नवनीतभाऊ, माझ्या तिरडीपुढे पोरांचा आग्रह होणार आहे.

येथवर प्रकरण केवळ लौकिक होते. त्यात दामिनी आली.

दामिनी म्हणजे हेमकांताची धाकटी, तुम्ही जिच्या बारशाला कानात नाव सांगताना "आवाज मोठा दिसतो" असे म्हणाला होतात, तीच. पुण्यातील संगणकाची नोकरी सोडून ती गाते, हे तुमच्या कानी आले असेलच. परंतु काय गाते हे आले नसेल, कारण येथे ते कोणालाच नीट सांगता येत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांचे साठ वर्षांपूर्वीचे एक गायन आहे. त्यांच्या प्रार्थनागृहांत जन्मलेले आणि पुढे बाजारात आलेले. (आपल्या कीर्तनाचेही तेच झाले, तुम्हास उद्देशून म्हणत नाही.) त्यास 'सोल' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ आत्मा, असे कळताच मी उत्साहाने उठून बसलो आणि आत्म्याच्या अविनाशित्वाविषयी बोलू लागलो. तिने माझ्या पाठीशी उशी ठेवली, ऐकून घेतले आणि अखेरीस "आबा, आते गोळी ल्या" असे म्हणून तो अध्याय संपवला. तर हे गायन जगाने बहुतेक अडगळीत टाकले होते. ही मुलगी ते त्याच जुन्या रीतीने नव्याने गाते. स्वतःच गीते रचते, काही इंग्रजीत, काही आपल्या अहिराणीत, आणि अर्ध्या मिनिटापलीकडे कशावरही चित्त न ठरणारी हल्लीची मुले तिची सहा-सहा मिनिटांची गाणी डोळे मिटून ऐकतात. पुण्या-बंगळुरूकडे तिच्या कार्यक्रमाची तिकिटे मिळत नाहीत, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. कळसाडीत मात्र तिची ओळख "चुनीलाल मास्तरांची लग्न न झालेली नात" हीच आहे.

ती आली माझ्या शुश्रूषेसाठी, परंतु रिकाम्या हाती नव्हे. तिची नवी ध्वनिमुद्रिका व्हायची होती आणि त्यासाठी पितळी वाद्ये वाजवणारी माणसे हवी होती. पुण्यात तशी पुष्कळ आहेत. ती तिला चालेनात. ती म्हणे फार स्वच्छ वाजवतात. तिला उन्हात वाजवून तयार झालेली माणसे हवी होती. वैशाखातल्या दुपारी नवरदेवाच्या घोड्यापुढे उलट्या पावलांनी चालत, ओठ फुटेस्तोवर वाजवणारी. अशी माणसे शहाद्यात एकाच ठिकाणी मिळतात. तिने धुडकूला गाठले. धुडकूने आपले तीन निवडक लोक आणले, त्यांत सॅक्सोफोनवाला दिलवरसिंग नावाचा सातपुड्यातला एक तरुण आहे, तो बोलत नाही, केवळ वाजवतो. अशा रीतीने माझ्या अंत्ययात्रेसाठी राखून ठेवलेला बँड माझ्याच घरात, मी जिवंत असताना, रोज हजेरी लावू लागला.

तालमीसाठी तिने कापसाची खोली निवडली. यंदा भाव नाही म्हणून हेमकांताने कापूस विकला नाही. आढ्यापर्यंत भरला आहे. तिने मधोमध खड्डा केल्यासारखी जागा करून घेतली आणि सांगितले की असा कक्ष पुण्यातही मिळत नाही, कापूस चहूबाजूंनी आवाज पिऊन टाकतो. सर्वजण एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच दमात वाजवतात आणि गातात. कोणी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. संगणकात मागाहून दुरुस्ती करणे तिला मान्य नाही. हे ऐकून माझा तिच्याविषयीचा आदर नकळत वाढला, कारण आपल्या वेदपाठाचीही हीच शिस्त आहे. मात्र कापसाची खाज अंगाला लागते, त्यामुळे धुडकू प्रत्येक विरामात पाठ खाजवतो आणि तेवढ्यापुरता ताल हुकतो. आणि कापूस चहूबाजूंचा आवाज पितो हे खरे असले, तरी माझी खाट ज्या भिंतीला लागून आहे तिकडच्या बाजूचा कापूस सूनबाईने उशा भरण्यासाठी काढलेला आहे. तेव्हा मला सर्व ऐकू येते.

प्रथम मी कानांत बोळे घातले. (तेही त्याच कापसाचे.) मग एके दिवशी एक बोळा पडला. नवनीतभाऊ, तुम्ही सामगायन ऐकले आहे. त्यात शब्दांच्या अधेमधे ज्यांना काही अर्थ नाही अशी अक्षरे येतात, हाउ, औहो, हुवा. विद्यार्थी त्यांस हसत, आणि मी सांगत असे की जेथे शब्द पुरत नाहीत तेथे ऋषी एवढेच म्हणू शकला. आमची दामिनीही तेच करते. ओळ म्हणता म्हणता शब्द सुटतात आणि ती केवळ ओ, ये, हू असे काही म्हणत राहते, आवाज फाटेपर्यंत चढतो, आणि फाटतो तेव्हा ती तो सांधत नाही, तसाच पुढे नेते. मी तिला बोलावून सांगितले की गाताना डोके हलवणाऱ्यास आपल्या आचार्यांनी अधम म्हटले आहे आणि स्वर असा फाटू देणे दोष आहे. ती म्हणाली, "आबा, तो दोष नही, तीच तं जागा शे." मी दुसराही बोळा काढून ठेवला. कापूस वाया जाऊ नये एवढाच हेतू.

यात तिचे एक संथ गीत आहे. त्याचे ध्रुपद असे: कवाड उघडं ऱ्हाऊ दे, मी मांगेच येस. कोण कोणाला दार उघडे ठेवावयास सांगत आहे आणि कोण कोणाच्या मागोमाग येत आहे, याची चौकशी मी केली नाही. कुलीन घरात अशा चौकशा करू नयेत. रंजना मात्र ज्वारी निवडता निवडता तेच गुणगुणते. तुमच्या या भगिनीने लग्नानंतर इतक्या वर्षांत माझी एकही संथा गुणगुणलेली नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता मुख्य दुर्घटना. गेल्या एकादशीला दुपारी मी ओट्यावर टेकून बसलो होतो. आत तालीम चालू होती. उपवास मी सोडला नव्हता, (सर्वांनी सोडावयास सांगितले होते, त्यांचे बरोबर होते हे लिहिताना हात जड होतो) आणि एकाएकी माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. पुढे जे झाले त्याचा मी साक्षी आहे, कर्ता नाही. मी कलंडलो. रंजनाने हंबरडा फोडला. भिलाआप्पा जवळच होते. त्यांनी माझी नाडी पाहिली. नांगर धरून त्यांच्या अंगठ्याला असे घट्टे पडले आहेत की त्या अंगठ्याखाली कोणाचीच नाडी लागत नाही. ते म्हणाले, "गया." झाले. मला खाली घेतले, डोके उत्तरेस केले, सूनबाईने तुळशीपत्र आणले, तोंडात तापीचे पाणी घातले. मला सर्व ऐकू येत होते. पापण्या मात्र उचलत नव्हत्या आणि जीभ, जिने शेकडो अंत्यसमयी इतरांना धीर दिला, ती टाळूला चिकटून बसली होती.

आणि मग बँड सुरू झाला. धुडकूला दोष देता येत नाही. हेमकांताने त्यास सांगून ठेवले होते की प्रसंग येताच हजर राहा, आणि तो नेमका प्रसंगाच्या घरातच होता. कापसाच्या खोलीतून चौघे अंगावर पांढरे तंतू घेऊन धावत आले आणि, अनेक वर्षांच्या सवयीने, वरात निघताना वाजवतात तेच वाजवू लागले. कोणीतरी गुलालही उधळला. होळीचा उरलेला होता. त्याही स्थितीत माझ्या मनात आले की हेच ते. ज्याची मला भीती होती ते हेच. मला नाचत नेणार. त्या वेळी, खरे सांगतो, मला प्रथमच मृत्यूचे भय वाटले. यमाचे नव्हे, वरातीचे.

तेवढ्यात पावले वाजली आणि दामिनी माझ्या उशाशी येऊन बसली. ती रडली नाही. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि गाऊ लागली. कवाड उघडं ऱ्हाऊ दे. धुडकूने आधी हात आवरला, मग एकेक वाद्य गप्प झाले, बाया गप्प झाल्या, आणि थोड्या वेळाने दिलवरसिंगाचा सॅक्सोफोन तिच्या आवाजाखाली असा आला की जणू कोणी तिच्या कोपराला आधार देत आहे. मला वाटले, असे असेल तर जाण्यास हरकत नाही. अगदी हेच वाटले. शास्त्रीय काहीही वाटले नाही.

ती ध्रुपदाच्या दुसऱ्या अर्ध्यावर येत होती आणि भिलाआप्पा बोलले. कठोरपणे नव्हे. ते म्हणाले, "पोरी, तुले जे म्हननं शे ते आठेच, घरमा म्हनी ले. वेसना पुढे बायास्नं काम नही." आणि दामिनी थांबली. ओळीच्या मध्येच. कवाड उघडं ऱ्हाऊ दे, एवढे म्हणून पुढले म्हणावयाचे तिने गिळले.

नवनीतभाऊ, मी विद्यार्थ्यांस नेहमी सांगत आलो की अंतकाळी मुखी जे येते तीच गती. मी जन्मभर त्याच एका नामाचा सराव केला. आणि त्या घटकेस माझी जीभ जेव्हा सुटली, तेव्हा तुळशीपत्र व तापीचे पाणी यांच्यासह तिच्यातून जो शब्द बाहेर पडला, तो भगवंताचा नव्हता. मी म्हणालो, "पुढे?"

भिलाआप्पा दोन हात मागे सरले. सूनबाईच्या हातातील तांब्या पडला. रंजनाने मला प्रथम मिठी मारली आणि लगेच झापले, "तुम्हले मरानी बी घाई, आनि पोरनं गानं बी पुरं ऐकानं शे?" धुडकू हेमकांतास एकीकडे घेऊन, वाजवण्याची ही बारी हिशेबात धरावयाची की नाही, असे काहीसे विचारत होता. मला गूळपाणी दिले. गुलाल कानांत गेला होता तो अद्याप निघतो आहे.

त्या संध्याकाळी दामिनीने मला एकच विचारले: "आबा, मी येऊ का? नदीलगून?" मी तिच्याकडे पाहिले आणि औषध मागितले. पन्नास वर्षे लोक मला शास्त्र विचारत आले आणि मी ताबडतोब सांगत आलो. या प्रश्नाला मी खोकलो. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाची तारीख विचारण्यास मुंबईहून फोन आला असता तिने त्यांना सांगितले की आबांचं होईपर्यंत ती कोठेही जाणार नाही. मला हे भिंतीपलीकडून ऐकू आले. (कापूस काढलेली तीच भिंत.)

घरात आता दोन पक्ष आहेत. रंजना आणि सूनबाई म्हणतात, पोर जाईल. भिलाआप्पा आणि भाऊबंद म्हणतात, असे कधी झाले नाही. मुलीने स्मशानात जाऊन परदेशी गाणे गायचे म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हेमकांत दोन्ही बाजूंना मान हलवतो. शेवटी भिलाआप्पांनी तोडगा काढला: "नवनीत महाराज काय सांगतीन तेच." तुमच्या मुखातून जे शास्त्र निघेल ते बारा गावे मानतात, हे त्यांचे म्हणणे आहे आणि दुर्दैवाने ते खरे आहे.

तेव्हा विनंती एवढीच की आखाजीपूर्वी, गुडघे परवानगी देतील त्या दिवशी, कळसाडीस येऊन जावे आणि भाऊबंदांसमोर जे काही शास्त्र असेल ते स्पष्ट सांगावे. माझे स्वतःचे काही म्हणणे नाही. मी जन्मभर परंपरेच्या बाजूने उभा राहिलो. आडवा झाल्यावर बाजू बदलणे मला शोभणार नाही. जे लिहिले असेल ते व्हावे.

सौ. सरलाबाईंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. हे पत्र रंजनास दाखवलेले नाही. तिला उगाच त्रास नको.

तुमचा,
चुनीलाल

ता. क. — येताना तुमच्याकडील प्रेतकार्याची थोरली पोथी आणावी. माझ्याकडील सर्व पोथ्या मी खाटेवर मागवून पुन्हा पाहिल्या. हेतू केवळ जिज्ञासा. स्त्रियांनी स्मशानी जाऊ नये याला आधार पुष्कळ आहेत. त्यांतले बरेच मला मुखोद्गत आहेत, कारण मीच ते शिकवले. जावे याला एकही सापडला नाही. समासांत, टीकांत, टीकांच्या टीकांतही पाहिले. डोळे दुखू लागले तेव्हा दामिनीने पोथी काढून घेतली आणि काय शोधत आहात असे विचारले. मी सांगितले, चष्मा.

ता. क. दुसरा — तुमच्या थोरल्या पोथीतही नसेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता तो वांग्याचा विषय. शहाद्याच्या सप्ताहात तुम्ही भर मंडपात एक श्लोक म्हटलात की तापीच्या उत्तर तीरावर राहणाऱ्यांस चातुर्मासात वांगे निषिद्ध नाही; आणि मी उभा राहून विचारले, कोणत्या स्मृतीतला? शिवाय वृत्तानुसार पाचवे अक्षर लघु हवे तेथे गुरू आहे, ऋषी असे अडखळत नसतात. मंडप हसला. तुम्ही त्यानंतर आमच्या घरी जेवला नाहीत. त्याबद्दल मी खेद व्यक्त करावा अशी रंजनाची फार दिवसांची इच्छा आहे. मी करणार नाही, कारण मी बरोबर होतो. श्लोक तुमचाच होता. परंतु एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे. इतकी वर्षे झाली, माझी हरकत सर्व विसरले, आणि तुमचा श्लोक टिकला. उत्तर तीरावर आजही श्रावणात घरोघर वांगी भाजली जातात आणि विचारले तर म्हातारी माणसे हात जोडून म्हणतात, शास्त्रात शे.

ता. क. तिसरा — तर नवनीतभाऊ, तसाच एक करा. उत्तर तीरापुरताच चालेल. दक्षिण तीराशी आपणांस कर्तव्य नाही. नातीने आजोबांमागून नदीपर्यंत जावे आणि तिला जे गाता येते ते गावे, भाषा कोणतीही असो, एवढा अर्थ त्यात यावा. सॅक्सोफोनास संस्कृतात काही नाही. 'सुषिर वाद्य' म्हणावे, ते दिलवरसिंगाला लागू पडते. धुडकूला नाचाचे काही वाजवू न देण्याविषयीही एक चरण घालता आला तर पाहावे. आणि त्यानंतर तिने लगेच मुंबईस जावे, सुतकात घरी बसून राहू नये, असा उल्लेख आल्यास उपकार होतील. पाचवे अक्षर या वेळी लघु ठेवा. म्हणताना माझ्याकडे पाहू नये. माझे डोळे मिटलेले असतील. परंतु कान, एकादशीच्या अनुभवावरून सांगतो, बराच वेळ उघडे असतात. तुम्ही वृत्तात चुकलात, तर मला उठून बसावे लागेल.

(यापुढे शाईच्या पेनाने नव्हे, शिसपेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत:)

नवनीतभाऊ, मी रंजना. कागद उशाखाल व्हता, मी वाची लिधा. यास्नी कालपाईन काही खादं नही, नुसतं त्या भिंतले कान लाईसन पडेल शेतस. तो श्लोक का काय शे तो लवकर धाड, यास्ना जीवले तेवढंच बरं वाटी. नही जमना तरी चाली. पोर जाईच. मी बी जासू. देखूत आमले कोन आडावस.